कुठला भोपळा ठेवायचा? मार्डीच्या शेतातल्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४

गेल्या वर्षीची चूक आधी लिहून ठेवतो, म्हणजे यंदा तीच परत होणार नाही.

गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदाच अटलांटिक जायंट ही राक्षसी भोपळ्याची जात लावली होती. भोपळा मोठा करायचा तर वेलीवर एकच फळ ठेवून बाकीची काढायची असतात. वेलीवर जे पहिलं फळ धरलं तेच आनंदाने ठेवलं. ते बुडख्यापासून जेमतेम दीड मीटरवर होतं आणि त्याचा देठ वेलीला बिलगून तिरका निघाला होता. फळ फुगत गेलं तसा त्याचा खांदा वेलीवर रेटत गेला. एका सकाळी गेलो तर लांबून सगळं ठीक दिसत होतं. जवळ जाऊन वाकलो तेव्हा देठ वेलीपासून अर्धा फाटलेला, भेगेत बोट जाईल एवढी जागा, आणि आतून पाणी पाझरत होतं. ३१ किलो भरला. अजून महिनाभर तरी तो वाढला असता.

खत कमी पडलं नव्हतं, पाणीही कमी पडलं नव्हतं. मी चुकीचं फळ ठेवलं होतं. म्हणून यंदाची वही मुख्यतः फळाच्या निवडीची आहे, बाकीचं ओघात येईल तेवढंच.

बी २२ सप्टेंबरला कागदी पेल्यांत टोचलं, २ ऑक्टोबरला रोपं शेतात लावली. दोनच वेली आहेत, एक विहिरीकडं, एक बांधाकडं. मध्यम काळी जमीन. खड्ड्यात कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). पाणी ठिबकवर. सध्या सहा-सहा पानं आहेत आणि विहिरीकडच्या वेलीने जमिनीवर अंग टाकलंय.

थंड देशातले लोक हे पीक उन्हाळ्यात घेतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, त्या आगीत मादी फूल टिकत नाही. सोलापुरात या पिकाला दिवाळी ते संक्रांत एवढीच खिडकी आहे. दिवस लहान मिळतो, त्याला इलाज नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सकाळी पाणी द्यायला गेलो तर विहिरीकडच्या वेलीवर एक मीटरवर पहिली मादी कळी. कळीच्या बुडाशी लिंबाएवढा हिरवा भोपळा आधीच तयार असतो, त्यावरून मादी ओळखायची. नर फुलाचा देठ नुसताच लांब आणि बारीक.

कळी खुडली. आप्पा बांधावर उभे होते. ते म्हणाले, "अरे, सणाच्या दिवशी आलेली लक्ष्मी खुडतोस व्हय?" मला वाईट वाटलं. पण एक मीटरवर फळ धरलं तर त्याच्या मागं चार-पाचच पानं राहतात. फळ धरलं की वेलीची वाढही मंदावते, मग पुढं पानं होणार कधी? जेवढी पानं जास्त तेवढा भोपळ्याचा स्वयंपाक जास्त. अनुभवी लोक तीन ते साडेचार मीटरच्या दरम्यानचं फळ पसंत करतात ते यासाठीच.

८ नोव्हेंबर

२.२ मीटरवर मादी फूल उमलायला आलं. मला हवं होतं त्यापेक्षा जवळ आहे, पण विमा म्हणून धरायचं ठरवलं.

काल संध्याकाळी त्या कळीला आणि दोन नर कळ्यांना सुती दोऱ्याने सैल बांधून ठेवलं. नाही तर पहाटे मधमाश्या आपल्या आधी पोचतात आणि शेजारच्या डांगराचा पराग आणून टाकतात. फळाच्या आकाराला त्याने फरक पडत नाही, पण बी ठेवायचं असेल तर ते बी मग कामाचं राहत नाही. सकाळी सव्वासहाला दोरा सोडला. नर फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या, नुसता पिवळा दांडा उरला. तो मादी फुलाच्या मधल्या चिकट गोंड्यावर हळूहळू फिरवला. पराग बोटालाही लागतो, हळदीसारखा. दुसरा नरही तसाच वापरला. मग मादी फूल परत बांधलं आणि वर ओलं फडकं धरून सावली केली. ऊन तापायच्या आत, साडेसातपर्यंत, हे सगळं उरकायचं.

गोंडा चार भागांचा निघाला. याला 'क' म्हणू.

१३ नोव्हेंबर

आई काल कार्तिकीला पंढरपूरला गेली होती, रात्री उशिरा परतली. तरी पहाटे माझ्याबरोबर बॅटरी घेऊन आली. ३.३ मीटरवर दुसरं मादी फूल. गोंडा पाच भागांचा. याचं नाव 'ख'.

पाच किंवा सहा भाग असलेलं फूल मोठ्या फळाचं लक्षण, असं हे भोपळे पिकवणारे बरेच जण मानतात. तेवढ्यावर फळ ठेवायचं किंवा काढायचं असं मी करणार नाही. नोंद मात्र ठेवतो.

मला आज जास्त आनंद देठाचा झाला. 'ख'चा देठ वेलीतून जवळजवळ काटकोनात निघालाय. आईला दाखवलं. ती म्हणाली, "हे सरळ बसलंय, ते तिकडचं कुशीवर झोपलंय." माझी अर्ध्या पानाची नोंद तिने एका वाक्यात सांगितली.

१७ नोव्हेंबर

४.१ मीटरवर तिसरं, 'ग'. गोंडा पाच भागांचा, देठ काटकोनाच्या किंचित अलीकडे, पण वेल थोडी वळवली की जमेल.

बांधाकडच्या वेलीवर मागच्या आठवड्यात दोन फुलं धरली होती, दोन्ही पिवळी पडून गळाली. दुपारी तिथं बांधाच्या दगडांची धग लागते. आता तिथं एकच फळ आहे, तेही दीड मीटरवर. निवडायला दुसरं नाहीच, म्हणून त्याच्या नोंदी मी रोज लिहिणार नाही.

१८ नोव्हेंबर

आजपासून रोज मोजमाप. शिवणकामाची टेप, वेळ सकाळी सात, माप देठापासून फुलाच्या टोकाकडं जमिनीला समांतर घेर. वेळ रोज तीच ठेवायची कारण फळ जास्त करून रात्री फुगतं. एक दिवस सकाळी आणि एक दिवस संध्याकाळी मोजलं तर आकडे खोटं बोलतात. लेक वही धरते आणि आकडा दोनदा विचारल्याशिवाय लिहीत नाही, ही तिची शिस्त मला आवडते.

क ३६ सें.मी., ख १७. ग अजून मोजण्याजोगा नाही.

तिन्ही फळांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या घातल्या, फळमाशीसाठी. क्यू ल्यूरचे, म्हणजे माशीला ओढणाऱ्या वासाचे, दोन सापळेही लावलेत, पण त्यात फक्त नर अडकतात. डंख मारणारी असते मादी. त्यामुळं सापळा लावला म्हणून निर्धास्त होता येत नाही, झाकण लागतंच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान करून शेतावर आलो. बोटाची शाई अजून ओली. मागोमाग चार मित्र आले भोपळे बघायला. तिघांनी 'क'कडं बोट दाखवलं. चौथा म्हणाला, "काय बे, यात विचारायचं काय? जो मोठा तो ठेवायचा."

मी त्यांना सांगितलं की 'क' पाच दिवसांनी मोठा आहे म्हणून मोठा दिसतो. पहिलीतलं पोर आणि बालवाडीतलं पोर शेजारी उभं करून उंची बघण्यात अर्थ नाही. दोघं बालवाडीत असताना किती होते ते बघायचं. हे त्यांना पटलं. पण जाताना परत 'क'वरच हात फिरवून गेले. भरलेल्या फळावर हात फिरवावासा वाटतोच.

२३ नोव्हेंबर

'ख' आज १० दिवसांचा झाला, घेर ४३. 'क' १० दिवसांचा असताना ३६ होता. म्हणजे सारख्या वयात 'ख' ७ सें.मी.ने पुढं. आज 'क' ६० आहे, पण काल ते आज वाढ फक्त साडेचार. 'ख' सहाने वाढतोय. 'ग' सहा दिवसांचा, २१.

आप्पांनी पस्तीस वर्षं द्राक्ष केली. त्यांच्याशी संध्याकाळी बोललो. विरळणी त्यांच्या हाताला माहीत आहे, घडातले मणी काढताना त्यांना कधी कुणी कचरताना पाहिलं नाही. पण ते म्हणाले की द्राक्षात सगळे घड सारखे ठेवायचे असतात, इथं सगळे काढून एक ठेवायचा, हे वेगळं आहे. घड चुकीचा काढला तर शेजारी दुसरा असतो. इथं चुकलं तर वर्ष गेलं.

ते खरं आहे. म्हणून तर तीन धरले आणि म्हणून तर एकदम दोन काढणार नाही. एकदम काढले तर वेलीचा सगळा जोर एका कोवळ्या फळावर येतो आणि ते चिरायची भीती असते. एकेक करून काढायचं, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे.

२५ नोव्हेंबर

'क' काढला.

सकाळी मोजला तेव्हा ६९ होता. तिघांत सगळ्यात मोठा, गोल, फिक्कट पिवळा, एकही डाग नाही. आई म्हणाली, "मोठं सोडून धाकटं ठेवायला निघालास?" तिला नेऊन देठ दाखवला. सतरा दिवसांत फळाचा खांदा वेलीला टेकला होता आणि मध्ये एक पानाचा देठ चिरडून काळा पडला होता. गेल्या वर्षी जे झालं त्याची ही सुरुवात होती, मी ती ओळखली. वेल वळवून जागा करता येते, पण 'क'च्या जागी वेल जाड आणि बुडख्याजवळ, तिथं ती वळत नाही, मोडते.

म्हणजे तीन कारणं झाली. देठ तिरका, जागा बुडख्याजवळ, रोजची वाढ मंदावलेली. यातलं एकच असतं तर मी थांबलो असतो.

धारदार चाकूने देठ कापला, वेलीकडं दोन बोटं ठेवून, म्हणजे कूज वेलीत उतरत नाही. कापल्यावर वेलीकडच्या तुकड्यातून पाणी असं टपटप गळत होतं की मी पाच मिनिटं तिथंच बसून राहिलो. त्यावर गंधकाची भुकटी लावली.

साडेचार किलो भरला. साल नखाने निघण्याइतकी कोवळी. शेंगदाण्याचं कूट आणि लसूण घालून भाजी केली, शेजारी तीन घरांत वाटली. चवीला ही जात आपल्या डांगरासारखी गोड नाही, पाणचट आहे. पण आई म्हणाली की कोवळा भोपळा कोवळाच लागतो.

दुपारी 'ख' आणि 'ग' दोघांच्या खाली वाळूचा चार बोटं थर आणि वर गोणपाट टाकलं. काळी माती ओली राहते, त्यावर फळाचं बूड कुजतं. शिवाय फळ फुगताना वाळूवर सरकतं, मातीत रुततं. फळाच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांपर्यंत वेलीच्या डोळ्यांना फुटलेली मुळंही कापली. बाकी सगळ्या वेलीवर आपणच माती टाकून मुळं धरवतो, पण फळापाशी वेल मोकळी हवी. फळ उंच होतं तशी ती उचलली गेली पाहिजे.

२७ नोव्हेंबर

'ग' १० दिवसांचा, ४६. 'ख'पेक्षाही ३ ने पुढं.

३० नोव्हेंबर

ख ९४, रोज आठने. ग ६८, रोज साडेसातने, पण तो चार दिवसांनी लहान आहे. 'ख' तेरा दिवसांचा असताना साडेबासष्ट होता. 'ग' साडेपाचने पुढं गेलाय.

मन 'ग'कडं झुकायला लागलंय. त्याच्या मागं जास्त पानं आहेत, गडी जोरात आहे. 'ख'च्या बाजूने दोन गोष्टी आहेत, त्याचा देठ बिनघोर आहे, आणि चार दिवस पुढं आहे. संक्रांतीनंतर ऊन वाढायला लागतं, चार दिवसांना किंमत आहे.

दुपारी ऊन असताना 'ग'जवळची वेल फळापासून दूर दोन बोटं सरकवली आणि काडी रोवून टेकू दिला. वेल सकाळी पाण्याने भरलेली आणि ताठ असते, तेव्हा वळवायला गेलं की काकडीसारखी मोडते. दुपारी ती मलूल होते, तेव्हा वळते. तरी एका दिवसात दोन बोटांवर जायचं नाही.

लेकीने विचारलं की एवढं मोजून लोक किती मोठा करतात. तिला हॉवर्ड डिलची गोष्ट सांगितली. कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये विंडसर गावचा हा शेतकरी. वर्षानुवर्षं मोठ्या भोपळ्यांचं बी निवडत निवडत त्याने अटलांटिक जायंट ही जात घडवली. १९८१ साली त्याचा भोपळा ४९३.५ पौंड, म्हणजे २२४ किलोच्या आसपास भरला आणि तो जगातला विक्रम होता. त्याच जातीच्या वंशातला २०२३ मधला अमेरिकेतला भोपळा २,७४९ पौंड भरला, कॅलिफोर्नियात हाफ मून बे इथल्या वजनाच्या स्पर्धेत. म्हणजे १,२४७ किलो. लेक म्हणाली, "म्हणजे त्यांनी पण हेच केलं, कुठला ठेवायचा ते." तिच्या वहीत मी ते तिलाच लिहायला लावलं.

२ डिसेंबर

तिकडं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं आणि इकडं कालपासून आभाळ भरून आलंय. द्राक्षवाल्यांचे फोन सुरू झालेत, सगळ्यांना भुरी आणि केवडा या पानांवरच्या रोगांची धास्ती. माझ्याही पानांवर भुरीचे चार ठिपके.

ख १०७.५, ग ८०. कालपासून ख साडेसहाने वाढला, ग फक्त पाचने. ऊन नाही म्हणून दोघंही मंदावणार हे धरलं होतं, पण 'ग' जास्त मंदावलाय. वहीत आकड्याखाली रेघ मारली.

३ डिसेंबर

ख ११३.५. ग ८३. 'ग' फक्त तीनने.

पिशवी काढून 'ग' हातभर अंतरावरून नाही, नाक लावून तपासला. वरून काही नाही. मग जमिनीकडची बाजू आरसा धरून बघितली. फुलाच्या टोकाजवळ, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक, आणि त्याच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा डिंकासारखा थेंब सुकलेला. फळमाशी.

आठवलं. २९ तारखेला संध्याकाळी मोजमापाचा एक आकडा चुकल्यासारखा वाटला म्हणून मी परत मोजायला पिशवी काढली होती. अंधार पडत होता, मोटार बंद करायला पळालो आणि 'ग'ची पिशवी तशीच राहिली. सकाळी येऊन घातली. तेवढ्या वेळात माशीचं काम झालं. हा दोष माझा आहे.

आज लगेच कापणार नाही. कधीकधी डंख वरवरचा असतो, साल कडक होत चाललेली असली तर अंडी आत टिकत नाहीत आणि जखम बुजते. एक दिवस बघतो.

४ डिसेंबर

ग ८४.५. दीड सें.मी. भोकाभोवतीची साल रुपयाएवढी पाणावलेली, दाबली की अंगठा दबतो.

कापला. आठ किलो. घरी न आणता बांधावरच चिरला. डंखाच्या आत बोटभर लांब तपकिरी बोळ आणि त्यात पांढऱ्या अळ्या, टोकाला धरलं की उडी मारतात. बाकीचा गर स्वच्छ, केशरीकडं झुकलेला, दाट. सगळ्यात वेगाने वाढणारं फळ होतं ते. किडका भाग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकला, उकिरड्यावर टाकला असता तर तिथूनच परत माश्या झाल्या असत्या. चांगला गर जनावरांना घातला.

एक शिकलो ते लिहून ठेवतो. डोळ्याला काही दिसायच्या एक दिवस आधी टेपने सांगितलं होतं. २ तारखेला मी आभाळाला दोष दिला, पण आभाळ दोघांवर सारखंच होतं. एकाच वेलीवरची दोन फळं शेजारी मोजत असलो तर हवामानाचा हिशोब आपोआप होतो. फरक पडला की तो फळाचाच असतो. यापुढं कितीही खात्री असली तरी दुसरं फळ दहा-बारा दिवस तरी जोडीला ठेवायचं, निदान तुलनेसाठी.

आता 'ख' एकटा आहे. ११९.५.

५ डिसेंबर

'ग' गेल्यामुळं सगळा ओघ 'ख'कडं येणार. ठिबकचं पाणी तीन दिवस पाव हिस्सा कमी केलं. एकदम फुगला आणि चिरला तर हाती काहीच नाही.

९ डिसेंबर

आज टेप संपली. दीडशे सें.मी.ची टेप फळाभोवती पुरेना. लेकीने सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि जमिनीवर पसरून मोजली. १५२. ती इतकी खूश झाली की सुतळी तिने जपून ठेवली आहे, दप्तरात.

पानांवर भुरी हटलेली दिसते. संध्याकाळी गार झाल्यावर पाण्यात विरघळणारं गंधक मारलं होतं. भर उन्हात ते मारलं की पानं करपतात.

११ डिसेंबर

देठाच्या बुडाशी केसाएवढी चीर. सकाळी हातपाय गार पडले. खोल नाही, सालीपुरती आहे. देठाच्या खळग्यात दव साठतं, ते रोज कापडाने टिपायचं ठरवलं, चिरेत गंधकाची भुकटी भरली. फळावर सावली हवी म्हणून चार काठ्या रोवून कडब्याचा मांडव केला. उन्हाने साल लवकर कडक होते, आणि कडक साल फुगण्याला जागा देत नाही. वाऱ्याला सगळ्या बाजू मोकळ्या ठेवल्यात.

देठ अजून काटकोनात आहे. खांदा आणि वेल यांच्यात माझी मूठ जाते. 'क' ठेवला असता तर आज काय झालं असतं याचा विचार मी रोज एकदा करतो.

१६ डिसेंबर

थंडी चांगलीच पडलीय. रात्री पारा उतरतो तशी वाढही उतरली. घेर १७५, रोज तीनच्या आसपास. आईने पेटीतली जुनी सोलापुरी चादर काढून दिली, संध्याकाळी भोपळ्यावर पांघरायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. फळ रात्री उबदार राहिलं तर वाढत राहतं, बाहेरचे लोकही घोंगड्या टाकतात. चादर मोरांची आहे, आईच्या लग्नातली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, पेटीत ठेवून कुणाला ऊब मिळायलीय?

२५ डिसेंबर

१८८. चीर सुकून भरून आली.

५ जानेवारी २०२५

१९५. गेल्या आठवड्यात रोज अर्धा सें.मी.सुद्धा नाही. खालची पानं पिवळी पडायला लागलीत. बांधाकडचा भोपळा थांबला आहे, हातानेच अंदाज येतो की पंचवीस किलोच्या वर जाणार नाही. तीच माती, तेच बी, तेच खत. तिथं दीड मीटरवर फळ होतं आणि मला निवड नव्हती.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीच्या भाकरी, तीळ लावून, आणि मिसळीची भाजी. बांधाकडचा भोपळा आज काढला, २४ किलो. भोगीच्या भाजीत त्याचाच गर, उरलेला गावात वाटला. 'ख' १९६ वर तीन दिवस अडकलाय. उद्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला घरातले सगळे सोलापूरला जातील. गड्डा, म्हणजे तिथली जत्रा, बघून आलो की काढायचा.

१७ जानेवारी

काढला.

आधी तीन मापं घेतली. घेर १९६. देठापासून फुलाच्या टोकापर्यंत डोक्यावरून जमीन ते जमीन १२८. आडवं, खांद्यावरून जमीन ते जमीन १२६. बेरीज ४५०. मोठे भोपळे पिकवणारे या बेरजेवरून वजनाचा अंदाज बांधतात. मी आणि आप्पांनी आपापला अंदाज कागदावर लिहून घडी घातली.

चौघांनी बारदानाची झोळी करून उचलला. पिकअपमध्ये कडबा पसरून त्यावर ठेवला आणि गावातल्या भुसार दुकानाच्या काट्यावर नेला. तिथं ज्वारीची पोती उतरत होती, हमालांनी पोतं बाजूला ठेवून जागा करून दिली. काटा स्थिर होईपर्यंत कुणी बोललं नाही.

८२ किलो ६०० ग्रॅम.

माझा अंदाज ८५ होता, आप्पांचा ८०. मतदानाच्या दिवशी आलेला तो मित्र तिथंच होता. त्याने भोपळ्याला हात लावायच्या आधी देठ बघितला.

१९ जानेवारी

घरी अंगणात चिरला. भिंत चार बोटं जाड, आत पोकळी एवढी की लेकीचं डोकं आत गेलं. गर भाजीपुरता ठेवून बाकी वाटला. आईने घारग्यांसाठी बाजूला काढला आणि गूळ नेहमीपेक्षा जास्त घातला.

बिया ४१२ निघाल्या. धुऊन, पोचट बिया बाजूला काढून, सावलीत जाळीवर वाळत घातल्या. यांचे आई-बाप दोन्ही माहीत आहेत, १३ नोव्हेंबरच्या सकाळी दोरा आपणच सोडला होता.

या भोपळ्यांच्या बियांना नाव द्यायची एक रीत आहे. आधी फळाचं वजन पौंडांत, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल. लेकीने पाकिटावर लिहिताना वजन किलोतच ठेवलं आणि आडनावाऐवजी गावाचं नाव घातलं. मी बदललं नाही.

८२.६ मार्डी २०२५. खाली बारीक अक्षरात तिने स्वतःहून लिहिलंय: ख, ३.३ मीटर, देठ सरळ.